बदामी दार

अक्षता आंघोळीला गेल्यावर मालनने तिचा पासपोर्ट तांदळाच्या डब्यात खोल खुपसला आणि वरून तांदूळ हाताने सारखे केले. विमान आज रात्रीचं होतं. ते चुकलं की पुढचं पुढे बघता आलं असतं.

पोरीला तिकडे पाठवायचं नाही, हे तिने मनाशी ठरवलं होतं.

अक्षता सुट्टीवर आल्यापासून मालन रोज सकाळी चहा घेऊन तिच्या खोलीशी जायची. घरातलं ते एकच बदामी दार. ढकललं की आत काहीतरी करकरायचं. अभ्यासाची जुनी लाकडी खुर्ची. अक्षता झोपताना ती दाराच्या मुठीखाली तिरकी अडकवून ठेवायची.

"हे काय गं?" मालनने पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"सवय आहे."

"तिकडे लागली?"

"साखर कमी आहे, आई."

तैवानमध्ये ती चिप बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये होती. फोनवर हसायची, भरभरून बोलायची. मुलुंडच्या घरात मात्र मागून कोणी गेलं की भिंतीला पाठ लावून उभी राहायची. मोबाइल बाथरूममध्येही न्यायची.

एकदा भाजी निवडताना मालनने सरळच विचारलं, "तिथे तुला काही झालंय का? मला सांग."

"तिथे काही नाही झालं. रात्री दोन-दोन वाजता मी लॅबमधून एकटी चालत घरी जाते. कानात गाणी लावून."

"मग ही खुर्ची?"

अक्षताने मेथीची जुडी संपवली आणि देठं कागदात गुंडाळली.

मालनने त्यावरून काय समजायचं ते समजून घेतलं. नवऱ्याला, सुबोधला सांगितलं, तेव्हा त्याचाही चेहरा उतरला. परक्या देशात एकट्या मुलीवर काय ओढवलं असेल, ते कोणाला विचारायचं?

आज नाश्त्याला घावणं होती. सुबोधचा धाकटा भाऊ जयवंत नेहमीसारखा शेवटी खायला बसला. अक्षता सातवीत असताना तो कणकवलीहून भांडुपच्या कारखान्यात नोकरीला आला आणि इथेच राहिला. हाताचा कसबी माणूस. नळ, पंखे, बिजागऱ्या, घरातलं सगळं तोच बघायचा.

"भावोजी, तिच्या दाराला कडी बसवा म्हटलं होतं, त्याचं काय झालं?" मालनने विचारलं. "खुर्चीपेक्षा बरी. आधी होती की."

"होती. ही आत अडकून रडत बसलेली म्हणून मीच काढली ना, वहिनी. तुम्ही दोघं कामावर होतात." जयवंत हसला. "आपल्याच घरात कडी कोणासाठी लावायची गो, बाय?"

अक्षता घावणाचे तुकडे करत होती.

"परक्यांत राहून भित्री झाली पोर," जयवंत म्हणाला. "ठेवून घ्या तिला इथेच. नोकऱ्या काय, इथेही मिळतात. आणि मी आहे ना लक्ष ठेवायला."

अक्षता अर्धं घावण टाकून उठली.

"बघितलंत?" मालन हळू आवाजात सुबोधला म्हणाली. "तिकडचा विषय निघाला की अशी उठते."

दुपारी अक्षताने पासपोर्टसाठी अख्खी बॅग पलंगावर उपडी केली. मग कपाट उपसलं. मग गादी उचलली.

"सापडेल गं," मालन म्हणाली. "आणि चार दिवस उशिरा गेलीस तर काय कंपनी बुडणारे?"

"मला आजच जायचंय."

"अगं, पण..."

"आई, प्लीज. आज." तिने रिकामी बॅग पुन्हा उलटी केली.

मालनने मन घट्ट केलं. शोधल्यासारखं तर करायला हवं होतं. दारामागच्या खुंट्यांवर जुन्या पर्सेस लटकत होत्या. तिने दार लोटलं आणि एकेक पर्स काढून चाचपू लागली.

मुठीखाली लाकडावर ओरखडे होते. खुर्चीची पाठ घासून पडलेले. या सुट्टीतले, ताजे. बदामी रंग उडून आतलं लाकूड दिसत होतं.

त्यांच्या जरा खाली एक खाच होती. खुर्चीच्या पाठीएवढीच रुंद, पण बरीच खोल. तिच्यात लाकूड दिसत नव्हतं. मालनने नख फिरवलं. खाचेच्या तळापर्यंत बदामी रंग होता, गुळगुळीत, कुठेही न तुटलेला.

ती वळली. अक्षता शोधायची थांबली होती. तिच्याकडेच बघत होती.

मालन स्वयंपाकघरात गेली, डबा खाली ओढला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. तांदूळ ओट्यावर, फरशीवर सांडले. तिने पासपोर्ट पदराला पुसला आणि मागोमाग आलेल्या अक्षताच्या हातात दिला.

"तू लपवला होतास?" सुबोध बाहेरच्या खोलीतून उठून आला. "डोकं फिरलंय का तुझं?"

जयवंत सिंकपाशी नळ दुरुस्त करत होता. पान्यावरचा त्याचा हात थांबला. त्याने मान वर केली नाही.

"अहो," मालन म्हणाली, "अक्षताच्या दाराला रंग कधी दिला होता?"

"आता हे काय मध्येच? नववीत होती ती." सुबोध वाकून तांदूळ गोळा करू लागला. "जयवंतनेच दिला की. तेवढं एकच दार, कोणी न सांगता."