पाजू नको

सात महिन्यांची सुजाता भुकेनं रडत होती आणि तिच्या आईची, वच्छलाची, चोळी दुधानं भिजली होती. तरी वच्छलानं तिला पदराखाली घेतलं नाही. ती दवाखान्याच्या बाकावर मुठी आवळून बसून राहिली. शेजारी सासू, पार्बताबाई, वाटीतलं शेळीचं दूध चमच्यानं पोरीच्या तोंडात घालत होती. पोर अर्धं थुंकत होती.

१९६३ साल. अकोल्याच्या या दवाखान्यात त्या तिसऱ्यांदा आल्या होत्या. नवरा, देवमन, आज शाळेवर शिकवायला गेला होता. त्याचं, वच्छलाचं आणि पोरीचं रक्त मागच्या खेपेलाच घेतलं होतं. तपासणीचा कागद नागपूरहून आला होता.

वच्छलाला त्या कागदाची भीती नव्हती. तिला स्वतःच्या दुधाची भीती होती. तिचा पहिला मुलगा मिलिंद असाच पांढरा पडत गेला. हातपाय काटक्यांसारखे, पोट मात्र माठाएवढं. दुसरं वर्ष लागलं आणि गेला. सुजाताचेही ओठ फिके पडू लागले, तेव्हा पार्बताबाईनं सुनेला चुलीपाशी बसवून हळूच सांगितलं, "पाजू नको तिले. आपल्या घराण्यातल्या बायांचं दूध लेकराले धार्जिणं नाही. माह्यंही असंच होतं."

पार्बताबाई नुसती सासू नव्हती, वच्छलाची सख्खी आत्या होती. तिचाही पहिला मुलगा असाच पांढरा पडून गेला होता. देवमन वाचला तो शेजारच्या भागीरथाबाईच्या दुधावर. जुन्या शहरातल्या त्यांच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. वच्छलानं वाद घातला नाही. छाती दगडासारखी झाली की ती न्हाणीत जाऊन दूध पिळून टाकायची. जिथं ते सांडायचं, तिथं पाय पडू द्यायची नाही.

डॉक्टरांनी आत बोलावलं. त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला.

"नवरा नात्यातला आहे का?"

"माह्या भावाची पोर आहे ही," पार्बताबाई म्हणाली.

"हा आजार आई आणि बाप, दोघांकडून येतो. दोघंही धडधाकट असतात. पण दोघांकडची खोट एकाच लेकरात आली, की त्याचं रक्त पुरत नाही. बनतं ते बरोबर बनतं, पण फार थोडं. असं का, ते अजून कोणालाच समजलेलं नाही."

ते समजायला पुढं पंधरा-वीस वर्षं गेली. रक्तातला लाल पदार्थ कसा बनवायचा, याची कृती पेशीत लिहिलेली असते; पेशी आधी तिची नक्कल काढते, मधला नको तो मजकूर कापते आणि उरलेले तुकडे जोडते. एका अक्षराच्या चुकीनं कात्री भलत्याच जागी चालते आणि बहुतेक नकला वाया जातात. त्या दिवशी डॉक्टरांना एवढंच सांगता आलं, की पोरीला वरचेवर दुसऱ्याचं रक्त द्यावं लागेल, आणि तरी ती किती वर्षं राहील, याचा भरवसा नाही.

पण वच्छलाला विचारायचं होतं ते वेगळंच.

"माह्या दुधानं तं नाही ना झालं हे?"

"दुधानं?" डॉक्टरांनी मान वर केली. "दुधाचा काही संबंध नाही. ती पोटात आली तेव्हाच हे ठरलं होतं. पाजत नाही का तुम्ही? पाजा. इथंच बसा आणि पाजा."

वच्छलानं पोरीला ओढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. रडणं एकदम थांबलं. प्रत्येक घोटाला वच्छलाला वाटत होतं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. पोर पीत राहिली.

पार्बताबाई जागची हलली नाही. हातातली वाटी कलंडून शेळीचं दूध तिच्या लुगड्यावर सांडत होतं.

"डॉक्टर, बाईच्या दुधात जहर नसतेच?"

"नसतं, बाई."

तिनं रिकामी वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "पहिल्या पोराच्या पाठीवर मले एक पोरगी झाली होती. देवमनच्या आधी. चांगली लालबुंद होती. सासू म्हणे, पाजू नको, हीही जाईन. मी नाही पाजलं. साखरेचं पाणी देलं. बावीस दिवस रडली." तिनं डॉक्टरांकडे पाहिलं. "मंग ती कशानं गेली?"