भिंतीवरचा फिकट चौकोन

आरसा नव्हता, आणि सलूनवाल्याच्या जिवाची नुसती तगमग चालली होती. आदल्या संध्याकाळी पुसता पुसता आरशाला तडा गेला, काचवाला सकाळीच तो काढून घेऊन गेला. नवा दुपारनंतर येणार होता. भिंतीवर फिकट चौकोन तेवढा उरला. आज दुकान बंद ठेवावं हे शहाणपण सुचायच्या आत निवृत्त पोस्टमनकाका खुर्चीत येऊन बसलेसुद्धा.

मागे उभं राहून केस कापायचे आणि समोरच्या आरशात गिऱ्हाइकाचे ओठ वाचायचे, यावर त्याचं दोन-अडीच वर्षं बिनबोभाट निभावलं होतं. बायकोला वाटायचं, हा मुद्दामच लक्ष देत नाही. वाटू दे. पण बहिऱ्याच्या वस्तऱ्याखाली मान कोण देईल? नुसतं कुणाला कळलं तरी दुकान बसलंच.

कानाचं यंत्र खणात खोक्यासकट पडून होतं. पहिल्याच दिवशी कात्रीचा आवाज डोक्यात खिळे ठोकल्यासारखा घुसला आणि त्यानं ते उपटून ठेवलं. यंत्र देणाऱ्या केंद्रातल्या बाई म्हणाल्या होत्या, सवय व्हायला वेळ लागतो, मंगळवारी येत जा, तुमच्यासारखी आणखी माणसं येतात. ते ‘तुमच्यासारखी’ त्याला असं झोंबलं की तो पुन्हा तिकडे फिरकला नाही.

आता त्याच्यासमोर काकांचा फक्त माथा होता. माथा हलला की काका बोलताहेत, एवढंच कळायचं. कंगव्याचं निमित्त करून तो पुढे जायचा, तोवर बोलणं संपलेलं असायचं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. शेवटी त्यानं ठेवणीतली उत्तरं काढली. "हो ना." "खरंय." माथा पुन्हा हलला, बराच वेळ हलला, आणि तो तोंडभरून म्हणाला, "वा, बरं झालं!"

चादरीखालचे खांदे ताठ झाले. तो धावत पुढे आला. काकांचे डोळे भरले होते.

"अरे, बहीण गेली माझी," काकांचे ओठ म्हणाले, "आणि बरं झालं म्हणतोस?"

"म्हणजे... सुटल्या बिचाऱ्या. दुखण्यातून."

"कसलं दुखणं? चालती-बोलती गेली ती."

सलूनवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणखी एक थाप सुचतही होती, पण ती तोंडातून निघेना.

"काका, मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "आरशात बघून चालवत होतो सगळं."

काकांचा हात नकळत गळ्याकडे गेला. दाढी अजून व्हायची होती.

ते आता उठून जाणार, असंच त्याला वाटलं. पण काकांनी जमिनीला पाय लावला आणि खुर्ची गर्रकन त्याच्याकडे फिरवली.

"बस त्या स्टुलावर. पहिल्यापासून सांगतो."

त्यानं आधी खण उघडला, यंत्र कानात बसवलं. पंखा खरखरायला लागला, रस्ता अंगावर आला. तो दात आवळून स्टुलावर बसला. काका सांगत होते. बहीण पाठीवर धपाटा घालून बोलायची. एवढ्या वयातही त्यांना ठेंगू म्हणायची.

"आता मला ठेंगू म्हणणारं कुणी उरलं नाही रे," काका म्हणाले. "ती गेल्यापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही." मग त्यांनी नाक पुसलं. "चल, दाढी कर."

"मध्येच काही सांगायचं झालं तर?"

"हात वर करीन. तू थांब."

काकांनी मान मागे टाकली. वस्तरा गळ्यावर टेकला. सलूनवाल्याची नजर मात्र सारखी चादरीतल्या हाताकडे जात होती. आत्ता वर होईल, मग होईल. अर्धा गळा झाला आणि यंत्रात काहीतरी घरघरलं. त्यानं झटकन वस्तरा उचलला, वाकून पाहिलं.

हात मांडीवर तसाच पडला होता. काका घोरत होते.