दोन जादा सूर

गिटारवर ब्लूज वाजवायच्या ठरलेल्या चौकटीत पाच सूर होते. समीक्षानं त्यात आणखी दोन घातले, कारण नुसते पाच तर ऑर्केस्ट्रातला दुसरा गिटारवाला हितेशही वाजवायचा आणि पेणच्या कार्यक्रमात लीड गिटार एकालाच मिळणार होती.

पण ऑर्केस्ट्राच्या गिटारवर ते दोन सूर कणसूरच लागायचे. तिनं रियाज वाढवला, तारा बदलल्या, स्वतःवर चिडून झालं. फरक पडेना.

रोह्यातल्या शेवटच्या तालमीत मालक हैबतकाकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"पाच सुरांत बरी चाललेलीस गो. मध्येच वाकडं कशाला जातेस?"

"काका, अजून एकदा वाजवते ना."

"नाय. तुझ्याआधीचे दोघं पन असेच, जादा सूर घालायला जायचे. कान लागतो त्याला, कान! हितेश, घे रे गिटार."

हितेशनं पाच सूर वाजवले. पाचही स्वच्छ लागले.

सगळे चहाला गेल्यावर समीक्षानं गिटार मांडीवर घेतली. तिचे दोन्ही सूर गिटारच्या दांडीवरच्या सहाव्या पितळी पट्टीवर येत होते. हितेशच्या पाचांना ती पट्टी लागतच नव्हती. तिनं पट्टीची जागा गणितानं काढली आणि मोजायची टेप लावली.



पट्टी चार मिलिमीटर पुढे होती.