मधली काच

बाबा नकाशे काढायचे. त्यांच्या टेबलावर तीन मॉनिटर शेजारी शेजारी होते. काम थांबलं की तिन्हींवर मिळून स्क्रीनसेव्हरचं एकच मत्स्यालय पसरे. बाबा मधल्या काचेवर नखाने तीनदा टकटक करत आणि लेकीला सांगत, "बघ, आता जेवायला येतील." एखादा मासा चुकून तिकडे वळला तरी त्यांची कळी खुले.

बाबा गेले. मधला मॉनिटर दादाने नेला. आज दुपारी त्याचा फोन आला.

"उरलेले दोन संध्याकाळी नेतो. तुला काय ते उशाला घ्यायचेत?"

"ने रे," ती म्हणाली.

मधल्या रिकाम्या जागेत मासे गडप होत, ते तिला बघवेना. तिने ‘प्रत्येक पडद्यावर वेगळं चित्र’ हा पर्याय निवडला. आता मासे कडेपर्यंत जाऊन मुकाट मागे वळू लागले. तिला जरा बरं वाटलं.

तेवढ्यात काचेवर नख वाजलं. तीनदा. दोन मॉनिटरांच्या मधून, जिथे नुसती धूळ होती.

दोन्हीकडचे मासे वळले. एकेक करून आतल्या कडेतून बाहेर पडले. पडद्यांवर निळं पाणी तेवढं उरलं.

तिने हळूच फोन लावला.

"दादा, आज नको येऊस," ती कुजबुजली. "ते जेवताहेत."