वांडाबाईंची जर्सी

एरी सरोवरावरून आलेल्या धुक्यात अख्खं गाव तरंगत होतं, आणि दिसेल त्या पाठीवर केलन प्रुइटचं नाव होतं. केलन बावीस वर्षांचा, गावच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा नवा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून अख्खा खेळ चालवणारा. दुपारी त्याचा पहिला सामना. इथे त्यानं अजून एक चेंडूही फेकला नव्हता, पण मैदानाबाहेर सकाळपासून सॉसेज भाजत बसलेल्या मंडळींनी यंदाचं अजिंक्यपद जिंकूनही टाकलं होतं. त्यांच्यातून चालताना त्याला आपले पाय जमिनीला लागत नाहीत असं वाटत होतं. त्याच्या उजव्या दंडाला कुणी हळूच हात लावून जाई, देवळातल्या नंदीला लावावा तसा.

“आलास एकदाचा!” शेगडीमागून उठत वांडा कोवाल म्हणाल्या. वय पंचाहत्तर, अंगात संघाची जर्सी. “माझा नवरा स्टॅन अजिंक्यपदाची वाट बघता बघता गेला. आता तूच. तुझ्यानंतर कुणी नको.”

“प्रयत्न करीन, मॅडम.”

“प्रयत्न मागचे सगळेच करायचे. तू जिंक. चल, पाठीवर सही दे.”

त्या वळल्या. पाठीवर पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर मार्करनं ‘प्रुइट’ लिहिलेलं होतं. खालून आणखी कुठल्याशा जुन्या पट्टीचं टोक, त्यावरच्या अर्ध्या अक्षरासकट, डोकावत होतं. भारावलेल्या केलननं खांद्याजवळ पेन टेकवलं.

“कापडावर नको रे बाळा,” वांडाबाई मायेनं म्हणाल्या. “पट्टीवर कर. जर्सी पुढच्या वर्षीही घालायचीय.”