कोपऱ्यावरची गाडी

राखाडी गाडी आजही कोपऱ्यावर उभी होती.

व्हर्नेटाने आपली गाडी नेहमीप्रमाणे लुसीलमावशीच्या घरामागे लावली आणि पेंगुळलेल्या कोरीनला मागच्या दाराने आत नेलं. सहाला दहा कमी होते. शाळेची बस सव्वासातला त्याच कोपऱ्यावर यायची. तोवर कोरीनने मावशीकडे खायचं, केस विंचरून घ्यायचे आणि जणू रात्रभर याच घरात झोपली होती अशा थाटात पुढच्या दाराने बाहेर पडायचं. दोन वर्षं हे असंच चाललं होतं.

शाळेच्या कागदांवर मावशीचा पत्ता होता. खरं घर नदीपलीकडे, शहरात. तिथल्या शाळेत वर्षभर गणिताला शिक्षकच नव्हता. इथे हार्लन हाइट्समध्ये कोरीन सातवीत असून वरच्या गणिताच्या वर्गात बसायची. पण पत्ता खोटा निघाला की मुलाचं नाव त्याच दिवशी कापलं जाई. त्यासाठी शाळेने माणसं ठेवली होती. ती पाळत ठेवायची, फोटो काढायची.

"नऊ दिवस झाले," स्वयंपाकघराच्या पडद्याआडून मावशी म्हणाली. "इथून नुसतं बॉनेट दिसतं. मेला हलत नाही."

"मी बघितलं त्याला. आपल्यातलाच आहे, काळा. मला बघून खाली वाकला."

"आपल्यामागे आपल्यातलाच लावतात गं. निवृत्त पोलीस असेल. एकटाच आहे का?"

"पुढे दोन कप होते, एकावर क्रीम घातलेलं. आणि मागच्या काचा वाफेने पांढऱ्या झाल्यात. मागे कोणीतरी आहे."

"कॅमेरावाला," मावशी म्हणाली.

व्हर्नेटाने आवाज खाली आणला. न्हाणीघरातून कोरीनच्या चुळा भरण्याचा आवाज येत होता. "हिच्यासमोर एक शब्द नको, मावशी. परीक्षा तोंडावर आलीय."

कोरीन बाहेर आली आणि टेबलाशी बसली. "लुसीलआजी, मक्याच्या पावाचा एक तुकडा जास्तीचा बांध. वर्गातल्या अमायाला सकाळी फार भूक लागते."

"तिच्या घरी कोणी खायला घालत नाही वाटतं?" असं म्हणत मावशीने दोन तुकडे जास्तीचे बांधले.

त्या दिवशी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उचलून-बसवून व्हर्नेटाची कंबर मोडून गेली होती. तरी संध्याकाळी ती शाळेतल्या पालकसभेला गेली. विषय होता, काळी मुलं अभ्यासात मागे का पडतात. भिंतीवर गोऱ्या मुलांच्या गुणांचा उंच खांब आणि काळ्या मुलांच्या गुणांचा बुटका खांब असलेला तक्ता लावला होता. मऊ आवाजाच्या एक तज्ज्ञ बाई म्हणाल्या, अर्धं उत्तर घरात असतं. मुलांना वाचून दाखवता का? वेळेवर झोपवता का?

झोपवते की, व्हर्नेटा मनात म्हणाली, साडेचारला उठवायचं असतं म्हणून. तिला राग यायला हवा होता. पण रागवायलाही अंगात थोडं बळ लागतं, आणि तिच्यात तेवढंही उरलं नव्हतं.

"पण वरच्या गणितात आता आपल्या दोन काळ्या मुली आहेत," मुख्याध्यापक लिंडक्विस्ट म्हणाले. दोघींच्या आयांची बाळंतपणं त्यांनीच केल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

सभा सुटल्यावर एका गोऱ्या बाईने त्यांना दारातच गाठलं. कचऱ्याची गाडी म्हणे बस थांबते तिथेच उभी राहते. बाई तावातावाने बोलत होती आणि मुख्याध्यापक मुकाट्याने लिहून घेत होते. व्हर्नेटा बघत राहिली.

सकाळी ती मावशीला म्हणाली, "इथे खरीच राहणारी आई काय करेल? बस थांबते तिथे अनोळखी माणूस रोज गाडीत बसून असतो. गप्प बसेल?"

"घर डोक्यावर घेईल."

"मग मी गप्प बसले तर संशय माझाच येणार ना?"

मावशी ओटा पुसू लागली. "काळ्या माणसाची तक्रार करणारेस, व्हर्नेटा. पोलिसांना फोन करू नकोस. कुठल्या थराला जाईल, सांगता येत नाही."

"शाळेलाच करते. त्यांचा माणूस, त्यांचं ते बघतील."

वृद्धाश्रमाच्या आवारात गाडीत बसून तिने फोन लावला. कालच्या गोऱ्या बाईसारखाच आवाज चढवला. आम्ही इथे कर भरतो, आमच्या मुलींच्या सुरक्षिततेचं काय? गाडीचा नंबर तिने दोनदा सांगितला. तिने फोन ठेवला. तोही बिचारा पोटासाठीच बसत असेल, असं क्षणभर वाटलं. पण एकुलत्या एका लेकीच्या शाळेचा प्रश्न होता. तिने तो विचार झटकला आणि कामावर गेली.

चौथ्या दिवशी कोपरा रिकामा होता. पाचव्या दिवशीही. मावशीने पीच भरलेली गोड पेस्ट्री भाजली आणि "आता तरी ताठ मानेने पुढच्या दाराने ये गं," म्हणाली. मुख्याध्यापकांचं पत्रही आलं. तुमच्यासारखे जागरूक पालक आणखी असते तर आपला तक्ता वेगळा दिसला असता, असं त्यात होतं. पुढच्या सभेत पालकांच्या जबाबदारीवर चार शब्द बोलाल का?

व्हर्नेटाने ते पत्र नदीपलीकडच्या आपल्या घरात फ्रिजवर लावलं. कित्येक आठवड्यांनी तिला हसू आलं.

टेबलावर कोरीनची गणिताची वही उघडी होती. पान कोरं होतं.

"काय झालं? पेपर अवघड गेला?"

"नाही. वर्गात आता मी एकटीच आहे, मम्मा. अमायाला शाळेतून काढलं."

"अगंबाई! का?"

"कुणीतरी शाळेला फोन केला. तीसुद्धा आपल्यासारखी नदीपलीकडचीच ना," कोरीन वहीवरून बोट फिरवत म्हणाली. "बस येईपर्यंत बिचारी बाबांच्या राखाडी गाडीत मागच्या सीटवर झोपायची."