दहा पानांच्या पुढं

दिवस बुडाला आणि रायगोंडाअण्णांचं ताट तसंच राहिलं.

चातुर्मासात असं कधी घडलं नव्हतं. चाळीस वर्षं अण्णा सूर्यास्ताच्या आत जेवून, चूळ भरून मोकळे होत. एखाद दिवशी सूर्य उशीर करील, पण अण्णा नाही. आज मात्र राजमतीकाकूंनी भाकरी वाढून तीन हाका मारल्या. तिन्ही वेळा माडीवरून एकच उत्तर आलं, "आलो, आलो!" खाली आले तेव्हा बाहेर चांगला अंधार पडला होता. जैनाच्या घरी आता अन्न नाही की पाणी नाही.

अण्णांनी ताटाकडं बघितलं, दाराबाहेर बघितलं आणि घसा खाकरला.

"आज उपवास धरलाय मी."

"दुपारी तर म्हणालासा, शेंगदाण्याची आमटी कर."

"मनात आलं, धरला. धर्माच्या कामाला काय येळ बघायचा?"

काकूंनी ताट उचललं. तेवढ्यात अण्णांच्या बगलेतलं पुस्तक त्यांना दिसलं. मुखपृष्ठावर केस मोकळे सोडलेली बाई, तिच्यामागं बंगला आणि बंगल्यावर रोखलेलं पिस्तूल.

"द्या इकडं. उद्या रद्दीत घालायचं न्हवं?" म्हणत त्यांनी ते काढून घेतलं. अण्णांचा हात नकळत पुढं झाला आणि तसाच मागं आला. शेवटची तीस पानं राहिली होती हो! पण सांगायचं कुणाला?

कारण ते पुस्तक रद्दीत घालणारे खुद्द अण्णाच. गावच्या वाचनालयाच्या पुस्तक निवड समितीचे ते प्रमुख. स्वतः वाचायचे ते धर्मग्रंथ, थोरांची चरित्रं आणि ऊसशेतीचं मासिक. बाकी सगळा कचरा. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना जागा पाहिजे, म्हणून त्यांनी बायकांच्या कपाटावर बोट ठेवलं. त्यात प्रेम, खून आणि रहस्य यांच्या चारशे कादंबऱ्या होत्या. ग्रंथपाल चंदना कळवळून म्हणाली, "अण्णा, ह्या कपाटावर दुपारच्या चाळीस बाया येत्यात. घराभाईर पडायला तेवढंच निमित्त हाय त्यास्नी. हे गेलं की एक बी फिरकायची न्हाई."

"चरित्रं वाचा म्हणावं," अण्णांनी निकाल दिला.

अहवालही लिहून टाकला. 'सदर पुस्तकं सुमार असून कोणाही शहाण्या माणसाला ती दहा पानांच्या पुढं वाचवत नाहीत.' एकही पुस्तक न उघडता लिहिलेला अहवाल, तोही वळणदार अक्षरात. आता पुराव्याला दोन घाणेरडी वाक्यं तेवढी हवी होती. ती शोधायला आज दुपारी तीन वाजता अण्णांनी नाक मुरडत एक कादंबरी उघडली होती.

कादंबरी महाबळेश्वरच्या एका बंगल्यात घडत होती. तिथं बारा महिने धुकं, अगदी मे महिन्यातसुद्धा. अण्णा तुच्छतेनं हसले. नायिका दर दोन पानांनी शहारायची. इन्स्पेक्टर पुरावे सोडून तिच्या डोळ्यांत बघत बसायचा. "पगार कशाचा घेतोय ह्यो?" असं पुटपुटत अण्णांनी पान उलटलं. इन्स्पेक्टरनं तिचा हात धरला तेव्हा अण्णांनी उठून माडीचं दार लावून घेतलं. खून पडला तेव्हा त्यांना दरदरून घाम फुटला. घाणेरडी वाक्यं चांगली अकरा सापडली. हवी होती दोनच. पण कुठली दोन घ्यावीत हे ठरवायला अण्णांनी अकराही पुन्हा पुन्हा वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपवासाची बातमी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पोचली होती. जो भेटेल तो हात जोडत होता. ना गाजावाजा, ना आधी सांगणं, धन्य आहे बुवा माणूस! अण्णांनी मान खाली घालून तो मान घेतला. डोक्यात एकच भुंगा होता, खून केला कुणी?

दहा वाजता वाचनालयात सभा भरली. दारात रद्दीवाल्याचा टेम्पो उभा होता. बायका भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या. अध्यक्ष गोमटेश चौगुल्यांनी आधी अण्णांच्या उपवासाचं कौतुक केलं, टाळ्या झाल्या. मग अण्णांनी अहवाल खणखणीत आवाजात वाचला. वर आपल्या पदरची दोन वाक्यं घातली, "मी सोता परयत्न केला. दहा पानांच्या फुडं वाचवलंच न्हाई."

चंदनाच्या डोळ्यांत पाणी आलं. चौगुल्यांनी सहीसाठी पेनचं टोपण काढलं.

"कुणाचं काय म्हणणं?"

राजमतीकाकू उठल्या. सभेत त्या जन्मात बोलल्या नव्हत्या. ती कादंबरी मात्र त्यांनी दोनदा वाचली होती. अण्णांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांच्या मते बायको दुपारी झोपते.

"ह्यांचं बरोबर हाय," काकू म्हणाल्या. अण्णांची छाती फुगली. "लय भंगार पुस्तक. आता सगळ्यांस्नी सांगूनच टाकते, शेवटाला त्या बाईचा नवराच खुनी निघतोय. ह्यात काय वाचायचं?"

अण्णा ताडकन उभे राहिले.

"अगं, नवरा खुनी निघंल कसा? त्येचाच तर खून हुतोय, एकशेबेचाळिसाव्या पानावर!"